आत्याबाईंच्या नावाची वडी

सांगली,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. राहीवन्संना,

रेश्माचा नमस्कार. दाजींनाही सांगा, ऋषिराजला आशीर्वाद.

चिपळूणच्या एसटीचे ड्रायव्हर आकारामदादा मंगळवारी इथून धाडलेला वडीचा डबा परत देऊन गेले. रिकामा डबा परत धाडायचा नाही म्हणून तुम्ही या वेळीही पसाभर तांदूळ घातले होते. त्याची खीर केली. कोयनेला थंडी पडली असेल. इकडे कारखाने सुरू व्हायची गडबड आहे, आणि यांना हळदीच्या वखारीतून घरी यायला आठ वाजतात. प्रांजल दहावीला आहे, ती घरात असून नसल्यासारखी. मी बरी आहे. आत्याबाई जेवतात, झोपतात.

डब्यात तुमची चिठ्ठी होती. ‘आईला सांग, वडी आता पहिल्यापेक्षा मऊ होते, दातांना बरी पडते.’ ती मी चार वेळा वाचली आणि भांडी घासायला बसले. तेव्हापासून पत्र लिहीन लिहीन म्हणत होते. फोन तुम्ही आमचा उचलत नाही, आणि ते बरंच आहे. फोनवर मी परत खोटंच बोलले असते.

वन्सं, ती वडी मी करते. दोन वर्षं झाली.

आत्याबाई, तुमच्या आई, वडी कशी करायच्या ते तुम्हाला माहीतच आहे. सकाळी दूध आटवायला ठेवायच्या, नारळ स्वतः खवायच्या, दुपार कलली की वडी थापायच्या, आणि मला कढईजवळ फिरकू द्यायच्या नाहीत. माझी वडी दहा मिनिटांत होते. दुकानातून सुक्या खोबऱ्याच्या किसाचं पाकीट आणायचं, टिनमधलं आटवलेलं गोड दूध त्यावर ओतायचं, मंद गॅसवर परतायचं आणि गोळा कडा सोडायला लागला की तूप लावलेल्या ताटात थापायचा. वेलदोड्याची पूडसुद्धा तयार मिळते. प्रांजलनं फोनवर बघून शिकवलं. मऊ होते ती त्या टिनच्या दुधामुळं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आत्याबाईंनी दूध गॅसवर ठेवलं आणि फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. कढई जळून काळी झाली. वर मलाच विचारायला लागल्या, दूध कुणी ठेवलं होतं म्हणून. डबा धाडायचा दिवस होता. मी यांना म्हटलं, वन्संना कळवा. हे म्हणाले, आत्ता नको, ती परत आपल्यालाच बोल लावील, आई जरा सावरली की सांगू. तेवढ्यापुरती म्हणून मी पहिली वडी केली. आत्याबाई काही सावरल्या नाहीत, आणि वडी जात राहिली.

मामंजींच्या वेळी आम्ही हेच केलं होतं. त्यांचं काही खरं नव्हतं, तरी यांनी तुम्हाला फोनवर सांगितलं, थोडं बरं नाही, सवडीनं ये. तुम्ही आलात तेव्हा नदीवरून माणसं परतली होती. तुम्ही दारातूनच फिरलात, त्यात तुमचं काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही. तरी तीच चूक मी पुन्हा केली. दर महिन्याला, वेलदोडा घालून.

आता त्यांना आंघोळ घालावी लागते. नेसवलेलं लुगडं सोडून ठेवतात, भरवलेला घास थुंकतात. मी दमलेय, वन्सं. कामानं नाही इतकी, तोच एक प्रश्न दिवसातून पन्नास वेळा ऐकून. मागच्या आठवड्यात त्यांनी पदर धरला, तर मी हात असा झटकला की माझी बांगडी लागून त्यांच्या मनगटातून रक्त आलं. त्या रडल्याही नाहीत. मीच मोरीत जाऊन रडले. हे यांनाही सांगितलेलं नाही.

प्रश्न एकच असायचा, राही आली का? माझं नाव त्या विसरल्या, यांना कधी कधी मामंजी समजतात. तुमचं नाव तेवढं अजून उरलंय. किती दिवस राहील, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

गुरुवारी दुपारी मी वड्या कापत होते. एक त्यांच्या हातावर ठेवली. पुरवून पुरवून खाल्ली आणि म्हणाल्या, “ही माज्या राहीनं धाडलीया. लय कष्टाची वडी हाय, दिसभर आटवावं लागतंय.” मला हसू आलं. तुम्ही आईच्या हातची म्हणून खाताय, त्या लेकीच्या हातची म्हणून, आणि मधे बसून मी पाकिटं फोडतेय.

मग त्यांनी माझी हनुवटी धरली आणि विचारलं, “तू कोण गं?”

मी म्हटलं, “राही.”

का म्हटलं, देव जाणे. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. “लय दिस लावलंस,” म्हणाल्या, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्या. सतरा वर्षांत त्यांनी मला असं कधी जवळ घेतलं नव्हतं. मला बरं वाटलं, वन्सं, आणि तेच आता खुपतंय. ती माया तुमची होती.

त्या दिवसापासून त्यांनी तो प्रश्न विचारलेला नाही. त्यांच्या लेखी राही आलीय. मला राही म्हणून हाक मारतात आणि मी ओ देते.

तुम्ही या. यांच्याशी बोलू नका, माझ्याशीही नका बोलू, हवं तर पाणीही घेऊ नका. सरळ आत जाऊन त्यांच्याजवळ बसा, मी उठून बाजूला होईन. फक्त मला ओ द्यायची सवय लागायच्या आत या.

तुमच्या जागी बसलेली,
रेश्मा