कोळंबीची बशी

मंगळवार, ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी धुणं वाळत घातलं. दुपारी स्वयंपाकघरातल्या नळाला नवा वायसर बसवला. संध्याकाळी मुलगी येऊन गेली. तुझ्या कानांना फोन झेपत नाही, म्हणून लिहून कळवतो.

ही गेल्यापासून मुलीनं स्वतःचं लग्न पुढे ढकललं आहे, हे तुला माहीत आहे. मला एकटं सोडवत नाही म्हणते. मी नीट राहतो असं सांगून झालं, पण माझं बरं चाललंय की वाईट, हे माझ्या चेहऱ्यावरून कुणाला कळत नाही. तू उगाच घुम्या म्हणत नाहीस. आता पुढच्या शनिवारी, पंधरा तारखेला, होणाऱ्या जावयाच्या आईशी माझी गाठ घालून द्यायचं तिनं ठरवलं आहे. त्या बाई मोटार चालवायला शिकवतात. जागा म्हणजे आमच्या उपनगरातलंच एक स्पॅनिश हॉटेल, टायरच्या दुकानाला लागून. तिथे म्हणे आपापलं ताट नसतं. छोट्या छोट्या बशा येतात, त्याला तापास म्हणतात, आणि सगळ्यांनी त्यातूनच थोडं थोडं घ्यायचं.

मी जेवलो नाही किंवा बोललो नाही, तर पोर धसका घेईल आणि लग्न आणखी लांबेल, ही काळजी आहे. चारचौघांत जेवायला मी हिच्याशिवाय कधी गेलेलो नाही. बोलायचं काम तिचं, बशांवर लक्ष ठेवायचं माझं. काय बोलावं ते कळव.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
घुम्या


शनिवार, ८ मार्च

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग चष्मा पुसला. अरे, जन्मभर लिफ्ट तपासल्यास, तुझ्या एका सहीच्या भरवशावर माणसं वर-खाली गेली, आणि तुला एका बाईसमोर बसायची धास्ती? तिच्या शेजारी रोज कुणी ना कुणी थरथरत बसलेलं असतं. तुझ्यासारखे तिनं पुष्कळ पाहिले असतील.

हवापाण्यावर बोल. गुडघ्यांवर बोल, आपल्या वयात तो विषय संपत नाही. लिफ्टच्या दोरांचं मात्र काढू नकोस, कुणाच्या घशाखाली घास उतरणार नाही. शर्ट इस्त्रीचा घाल. आमची भावजय असती तर तिनं काढून ठेवला असता, आता तूच काढ.

पोर मार्गी लागली पाहिजे रे. तुझी राखण करत किती दिवस बसेल ती?

सगळं सविस्तर लिही, आणि म्हातारीला विसरू नकोस.
तुझी ताई


रविवार, १६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल घात झाला.

सुरुवात बरी होती. शर्ट इस्त्रीचा होता. ऑलिव्ह आले, टोमॅटो चोळलेला पाव आला, बटाट्याचं जाड ऑम्लेट आलं. टेबल एवढंसं, कोपराला कोपर लागत होतं. मी गुडघ्यांचं काढलं. बाईंचे दोन्ही दुखतात, त्यामुळे गाडी पुढे सरकली. बाई मोकळ्या आहेत. स्वतःच म्हणाल्या, की मी लोकांना ब्रेक लावायला शिकवते, पण माझ्या तोंडाला तो लागत नाही. मी हसलोसुद्धा. मुलीचा चेहरा जरा सैलावला.

मग मातीच्या पसरट बशीतून तेला-लसणातली कोळंबी आली, अजून चरचरत होती. वेटरनं ती बाईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी काटा उचलला आणि मी बशी खस्सकन ओढून घेतली. टेबलाच्या पार टोकाला नेऊन ठेवली. बोटं भाजली तेही नंतर कळलं.

तुला आठवत असेल, हिला कोळंबी चालत नसे. एकदा ओठ सुजून श्वास अडकला होता. तेव्हापासून बाहेर कुठेही प्रत्येक बशी आधी मी बघायची, असं ठरलेलं. तेव्हा डॉक्टरांनी जवळ बाळगायला दिलेलं इंजेक्शन अजून माझ्या कोटात असतं. इतकी वर्षं मी एका दारावर पहारा केला, आणि हृदयाचं दुखणं दुसऱ्याच दारानं आत शिरलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मुलीनंच हळू आवाजात कारण सांगितलं. बाई म्हणाल्या, की दुसऱ्याच्या गाडीत बसल्या तरी त्यांचा पाय आपोआप दाबला जातो, तिथे ब्रेक नसला तरी. उठून बशी परत आणली, एक कोळंबी तोंडात टाकली आणि मला बघत राहायला सांगितलं. मी खरंच बघत राहिलो, त्यांच्या ओठांकडे. काही झालं नाही.

पण पुढे मी एकाही बशीला हात लावला नाही. परतताना मुलगी रडत होती. लग्नाचं एवढ्यात नको म्हणाली.

ताई, मी पोरीचं लग्न मोडलं का? लवकर लिही.
घुम्या


गुरुवार, २० मार्च

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

मोडलंबिडलं काही नाहीस, उगाच मोठेपणा घेऊ नकोस. बशी ओढली तरी जी बाई रुसली नाही, तशी विहीण दिवा घेऊन शोधलीस तरी मिळायची नाही.

पोरीला मात्र नुसतं सांगून पटायचं नाही, तिला दिसलं पाहिजे. सगळ्यांना घरी जेवायला बोलाव आणि कोळंबीच कर. तुझ्या घरात ती कधी शिजली नाही, ठाऊक आहे मला. म्हणून आधी एकट्यानं करून बघ, नाहीतर पाहुण्यांसमोर पुन्हा बशी पळवशील. पाठीतला काळा दोरा काढायला विसरू नकोस.

मलाही झोप नाही रे. उत्तराची वाट बघते.
ताई


बुधवार, २६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी सगळ्यांना बोलावलं आहे. बाई लगेच हो म्हणाल्या, वर विचारलं, की या वेळी बशी कुठे ठेवणार. मुलीनं बेत काय म्हणून विचारलं. कोळंबी म्हटल्यावर म्हणाली, की लग्नाच्या तारखेचं रविवारी बोलू. नको म्हणाली नाही.

आज करून पाहिली. दोरे काढले. लसूण करपला, कोळंबी जरा रबरासारखी झाली, पण खाल्ली. इंजेक्शन अजून कोटातच आहे. ते इतक्यात जमणार नाही.

रविवारी आमची आठवण ठेव.
घुम्या

ता. क. पत्र लिहून झाल्यावर कढई घासली. कोळंबीचा अंश राहायला नको म्हणून दुसऱ्यांदा घासायला घेतली होती, मग थांबलो. पुसली आणि इतर भांड्यांतच ठेवली.