नाव घेतलेल्या सात पोळ्या

सोमवार, ६ मार्च
आज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मला न्यायला स्टेशनवर गाडी यायची होती. आली नाही. या अवकाशतळावरून अंतराळयाने वेळेवर सुटतात म्हणे. पण मन खुशीत आहे. चौथ्या मजल्यावर घर, खिडकीतून सिरदर्या नदी दिसते, पलीकडे नुसता माळ. माझा नवरा सागिंदिक गेल्यापासून अल्माटीत भिंतींशी बोलत होते, इथे निदान काम आहे. अंतराळस्थानकावर माल नेणाऱ्या यानात परदेशी अंतराळवीरांच्या घरून आलेले पुडे भरतात, त्यांवरचे इंग्रजी मी तपासायचे. पाचगणीच्या नन्सनी छडी मारून शिकवलेले स्पेलिंग शेवटी आभाळात चालले. सागिंदिक असता तर चहाच्या वाटीच्या काठावर अंगठी दोनदा, थांबून एकदा टकटक वाजवून म्हणाला असता, "आधी इकडे ओत, मग आभाळाकडे बघ." चाळीस वर्षे चहा मागायची त्याची हीच रीत.

बुधवार, ८ मार्च
महिला दिन. सगळ्या बायकांना साहेबांकडून ट्यूलिप मिळाले, मला नाही. ताज्या खाण्याची पिशवी भरणारी झानिल तिच्यातला एक देत म्हणाली, "घ्या आपाय, तोंड नका पाडू. साहेबांना आपल्या बायकोचंही नाव आठवत नाही." आपाय म्हणजे इथे थोरल्या बाईला हाक. यानात माणूस नसतो, हे तिनेच समजावले. आपोआप जाते, स्थानकाला चिकटते. माल उतरला की त्यात कचरा भरून सोडून देतात, आणि ते हवेत जळून जाते.

शुक्रवार, १० मार्च
शुक्रवार म्हणून सात शेल्पेक, गेलेल्याच्या नावाच्या इथल्या पोळ्या, तळल्या. तेलाचा वास निघाला, सागिंदिकचे नाव घेतले. मग वाटायला निघाले. खालच्या बाईने दाराची साखळी न काढताच नको म्हटले. समोरचे दार उघडलेच नाही. सासूबाईंनी शिकवले होते, मेलेल्याच्या नावाची पोळी जिवंत माणसाच्या तोंडात पडली पाहिजे, मगच ती त्याला पोचते. इथे कोणाच्या तोंडात घालू? दुपारी सातही पोळ्या झानिलच्या पिशवीत दिल्या. वर स्थानकात तिघेजण आहेत, खातील बिचारे. उद्या यान सुटणार.

सोमवार, १३ मार्च
यान स्थानकाला चिकटले. पुडे भरायच्या खोलीत लाऊडस्पीकरवर वरच्यांचे बोलणे ऐकू येते. आत तळणीचा वास आहे, असे ते हसत सांगत होते. शेल्पेकची पिशवी सीलबंद मिळाली. आत फक्त तेलाचा डाग.
झानिल माझ्याकडे वळली. नाव घेतले होते का, असे विचारले. मी हो म्हटले. ती खाली बसली. म्हणाली, "दोन दिवस आपाय. नाव घेतलेली पोळी, आणि खायला एक माणूस नाही. मग ज्याचं नाव, तोच येणार ना?"
मी तिला अडाणी म्हटले. म्हणायला नको होते.

बुधवार, १५ मार्च
वरच्यांनी यानाचे दार लावून घेतले आहे. आतून टकटक येते. आमचे साहेब, मुख्य अभियंता वादिम पेत्रोविच, म्हणाले, थंडीने धातू आकसतो. मी लाऊडस्पीकरवर ऐकले. दोनदा, थांबून एकदा. धातू असा चहा मागत नाही.

गुरुवार, १६ मार्च
वरचे झोपत नाहीत. दारामागे चहाच्या पिशव्या होत्या, मोजायला दार उघडले तर सगळ्या रिकाम्या — सील तसेच.
यान सहा महिने राहायचे होते. उद्या दुपारी बाराला सोडणार. म्हणजे जाळणार.
वादिम पेत्रोविचना म्हटले, आत माणूस आहे. ते म्हणाले, घरी जा, विश्रांती घ्या.
त्याला एकदा पुरले आहे मी. आता जाळणार —
आणि जळला नाही तर. भुकेला, आणि इथे त्याचे नाव घेणारी मी एकटीच —

शुक्रवार, १७ मार्च, सकाळी
झानिल दारात येऊन गेली. म्हणाली, आज तळू नका. तेल काढूच नका.
मी काढलेले नाही. तरी वास येतो आहे.
वादिम पेत्रोविचना लिहिते आहे, कच्चे इथेच —
साहेब, यान रिकामे आहे हे तुम्ही सहीनिशी कळवा. नसेल तर सोडू नका. त्याला खाली पाठवू नका. मी एकटी असते. लेखी उत्तर आज दुपारी बाराच्या आत मिळालेच पाहिजे, कारण बारानंतर तो —
मागे वाटी वाजली.
दोनदा.
टेबलावर मी एकच वाटी ठेवली होती, ती माझ्या हातात —
साहेब, बाराच्या आत, लेखी —