आईनं परत न मागितलेलं मंगळसूत्र

मुंबई

बाबा, दुरूनच दंडवत.

आईच्या मेंदूचे फोटो काढून झाले, काळजी करू नका. डॉक्टर म्हणाले, पेशींत शक्ती तयार करणारे कण मंदावले आहेत. विसरण्याच्या आजाराची ही सुरुवात आहे. म्हणजे वरणात दोनदा मीठ तिनं मुद्दाम टाकलं नव्हतं. तुम्ही तेव्हा ताट भिंतीवर मारलं होतं.

कापसाच्या पऱ्हाटीवरची बोंडअळी हटली काय? तुम्हाले जेवायले कोण वाढते?

मशीनमध्ये जायच्या आधी मंगळसूत्र काढायले लावलं. आंघोळीतही न काढणाऱ्या आईनं मुकाट्यानं काढून दिलं. मले वाटलं, बाहेर येताच तेच मागेल. आठवडा झाला, माझ्या पर्समध्येच आहे.

गाय व्याली काय, हे रोज विचारते. तुमचं नाव अजून काढलं नाही. विसरली म्हणून काढलं नाही, असंच समजा.

तुमची लेक,
अपेक्षा