दहावा फर्मा

१२ मे, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे.
चिमणी झोपली आहे, मी तिच्या उशाशी बसून लिहितो आहे.

ताई, नमस्कार. आई, चिमणी आणि मी, तिघेही बरे आहोत. मागच्या दोन पत्रांतही मी हेच लिहिले होते, पण तेव्हा ते खरे नव्हते.

भाऊजी गेल्यावर चिमणी इकडे आली, ती पिशवीतून त्यांच्या चपला घेऊनच. रोज संध्याकाळी ती त्या दाराबाहेर मांडायची आणि जागत बसायची. हे माझ्यामुळे झाले.

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात मुलांची एक कादंबरी आली होती. त्यातली मुलगी मेलेल्या माणसांशी मैत्री करते. ज्याच्या चपला दारात असतील, तो रात्री गप्पा मारायला येतो. मी आठवीत शाळा सोडलेला, भाचीला दुसरे काय देणार? मालकांना विचारून जादा छापलेल्या कागदांतून तिला एक प्रत बांधून पाठवली. पण शेवटच्या सोळा पानांच्या फर्म्यात ती माणसे कायमची निघून जातात. चिमणी रडेल म्हणून मी तो दहावा फर्मा शिवलाच नाही.

परवा ती अनुक्रमणिका घेऊन आली.

"मामा, शेवटचं प्रकरण पान एकशे पंचेचाळीसवर. माझ्याकडे एकशे चव्वेचाळीसनंतर पुठ्ठाच!"

"राहिलं असेल गं चुकून."

"तू बांधलंस ना? तू तर वहीचं कव्हरसुद्धा पट्टीनं मोजून घालतोस!"

आई आतून म्हणाली, "सांग आता, शहाण्या!"

मी सांगितले. फर्मा खणात जपून ठेवला होता. तिच्यासमोर पुस्तक उसवले, तिने दोरा धरला, मी शिवले. खळ वाळायचीही वाट न बघता तिने मोठ्याने वाचले. मग अर्धा तास रडली. आईने तिला मांडीवर घेतले.

नंतर तिने चपला पुसून कपाटात ठेवल्या. म्हणाली, "बाबांना जाऊ दे आता. माझ्यामुळे त्यांना उशीर होतोय."

दोन रात्री ती गाढ झोपली आहे. किती हलके वाटते, ते लिहिता येत नाही.

तिला न्यायला येशील तेव्हा मला काय बोलायचे ते तिच्यासमोरच बोल. तिच्यापासून काही लपवणार नाही, असा शब्द दिला आहे मी.

तुझ्या रागाला तयार असलेला,
तुझा धाकटा