मिठाजवळ टकटक

मंगळवार, संध्याकाळ

काल रात्रभर झोप नाही, आज पण येणार नाही. कारण मीठ.

समोरच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर लागला तेव्हापासून मला माझ्या लेकाची, पिंटूची काळजी वाटायची. म्हणून दादाने नागपूरहून रेडिएशन मोजायची मशीन पाठवली, तो तिकडे एक्स-रेच्या खोलीत कामाला आहे. टॉवरकडे धरली तर मशीन एकदम चुप. पण काल सासूबाईंनी पिंटूची नजर काढायला मूठभर मीठ ओवाळलं, तर टकटक सुरू.

सासूबाई खूश. "बघ, तुझ्या मशीनला पण नजर समजते."

मी मशीन नुसत्या पिंटूला लावली, चुप. जुन्या मिठाला लावली, चुप. म्हणजे आमच्या ह्यांच्या बीपीसाठी आणलेलं कमी सोडियमचं नवीन मीठच ते. तेच मी वरणात घालते. पिंटूच्या पण.

दादाला फोन केला तर हसला. "अगं, त्या मिठात पोटॅशियम असतं, त्यातून जरासं रेडिएशन येतंच. केळ्यात पण असतं. बिनधास्त खा."

पण सकाळी पिंटूने केळं पण खाल्लं ना? म्हणून परत फोन लावला. मग परत. आता उचलतच नाही.

सासूबाई म्हणतात, "चल, सामनेवालीकडे मशीन फिरवू. नजर तिचीच आहे."

हे कोणी वाचलं तर दादाला विचारा, वरण आणि केळं एकाच दिवशी चालतं का. फोन तुमच्या नंबरवरून लावा. माझा तो उचलत नाही.