कवितेला कविता

२ एप्रिल ८६
कं.ची कविता आली. रत्नागिरीकडे एस.टी.त कंडक्टर आहे, म्हणून कं. आम्ही पाचही जण एकमेकांना न पाहिलेले. एका मासिकातल्या पत्त्यांवरून हे कवितेला कविता धाडणं सुरू झालं. कायदा एवढाच: हातानं लिहायची, प्रत ठेवायची नाही, आणि ज्याला मिळाली त्यानं आपली धाडायची. खाली विचारलंय, तुमच्या कवितेत सारखं मोहफूल पडतं, ते असतं तरी कसं?
मी तरी समुद्र कुठे पाहिलाय. फूलच पाठवून देते.

५ एप्रिल
पहाटे मायसोबत मोहफुलं वेचायला. मायवरची कविता पूर्ण झाली: चांद्याहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली आणि घरचे देव नदीत सोडून आली, ती. आजवरची सगळ्यात चांगली. कं.च्या पाकिटात कविता आणि थोडी फुलं. दुपारी पोस्टमन वासुदेवभाऊंकडे दिलं.

८ एप्रिल
फजिती. वासुदेवभाऊ: "बाई, काय टाकलं होतं पाकिटात? थैलीले माशा लागून राह्यल्या." फुलं ओलीच टाकली होती मी. रस सुटला, पाकीट सेक्रेटरी साहेबांच्या पेपराला चिकटलं आणि त्यासोबत त्यांच्याच घरी गेलं. मी शिकवते ती बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचे सेक्रेटरी. जायला गावात दुसरं घर नव्हतं जणू. त्यांनी फोडून वाचलं.
माय: "वाळवल्याबिगर कोणी मोहा बांधते काय वो? शिकली न् वाया गेली."

११ एप्रिल
साहेबांनी बोलावलं. कविता टेबलाच्या खणात.
"परक्या माणसायले काऊन लिहितेस तू?"
"गावात कोणी मागितली नाई, साहेब."
बोलायला नको होतं. बोलले मी. त्यांनी देवांचं नाव काढलं नाही, पण टोचलंय ते तेच. महिनाअखेर लिहून द्यायचं, यापुढे असलं टपाल धाडणार नाही. नाही तर जूनपासून बालवाडीवर दुसरी बाई. कविता परत मागितली, तर खणाला कुलूप घातलं. माझ्याकडे प्रत नाही. एवढा राग आला की घरी येऊन...

१३ एप्रिल
भाऊ आला गडचांदूरहून, जयंतीसाठी. "देऊन टाक लिहून. चार ओळीचा तर मामला हाये."
चार ओळींचाच आहे ना.
त्याचंही चुकत नाही. माझ्या पगारावर माय आणि मी खातो. माय चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "मी देव सोडले तवा कोणाले इचारून सोडले काय?" भाऊ जेवायला बसला.

१५ एप्रिल
काल मिरवणुकीत चालता चालता ठरलं. पाकिटं बंद. आता सगळ्यांना उघडी कार्डं. वाचायचं ना, वाचा. पळसाची कविता चौघांनाही धाडली.

२१ एप्रिल
बोरिंगवर पाणी भरताना शेजारच्या जनाबाई: "तुमची पळसाची कविता आयकली, बाई. चांगली हाये. पण सडकेवर कायचा पळस, तो तं नाल्याकडं फुलते."
वासुदेवभाऊ वाटेत पानठेल्यावर माझी कार्डं वाचून दाखवतात म्हणे. मी रागावणार होते. पण उघडं मीच पाठवलं. आणि जनाबाईंचं बरोबर आहे. पुढच्या कार्डात पळस नाल्यावर.

२८ एप्रिल
लिहून द्यायला बसले. कोरं कार्ड घेतलं. मायची कविता आठवून पाहिली, निम्मी आली, मग तुटली. रडू आलं. मग दुसरीच लिहिली: एक माणूस कविता खणात कोंडतो, तिला मोहाचा रस लागलेला, खणाला मुंग्या लागतात, आणि मुंग्यांना कुलूप कळत नाही. खाली सही. पत्ता: सेक्रेटरी साहेब.
वासुदेवभाऊंनी वाचलं. "बाई, हे खरंच नेऊ काय?"
"न्या. पानठेल्यावरून न्या."

६ मे
भीती वाटते. इथे खोटं कशाला लिहू. जून तोंडावर आहे.
मोहफुलं या खेपेला कडक वाळवली, मायला दाखवून. कं.ला उद्या.
साहेबांचं उत्तर नाही. वासुदेवभाऊ सांगतात, त्यांनी कार्ड दोनदा वाचलं, मग एक कोरं कार्ड मागून ठेवून घेतलं. त्यावर मला काढल्याचं येईल की आणखी काही, कोण जाणे. पण कायदा सगळ्यांना सारखा. कविता त्यांना मिळाली आहे. आता पाळी त्यांची.