पोशेऱ्याच्या फाट्यावर वाजलेलं गाणं

आये, पोशेऱ्याच्या फाट्यावरची ती चहाची टपरी आता नाही. दिवाळी उलटून गेल्यावरची एक सकाळ, आपण तिथे ट्रकची वाट बघत बसलोय. तू आणि बाबा भिवंडीकडच्या वीटभट्टीवर निघालात. मी सातवीत, सुट्टी संपवून आश्रमशाळेत परतायचंय. तुझ्या मांडीवर नागलीच्या पिठाचं गाठोडं. टपरीवाल्याने एका गायिकेची कॅसेट लावलीय. त्या गायिकेची बाकीची गाणी लग्नाच्या मांडवात वाजायची, सगळ्यांना पाठ होती. हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते. तू चहा तसाच ठेवून कान दिलास. पुस्तकातली मराठी तुला नीट कळायची नाही. मला विचारलंस, "काय सांगते ती बाय?"

गाण्यातली बाई कायमची निघालेली असते. माझी वाट बघू नका, असं घरच्यांना सांगत असते. मला ते कळलं होतं, पण तुला सांगवेना. मी म्हटलं, "चार दिवस माहेरी निघालीय. येईल परत."

"मंग रडते कशाला इतकी?" तू हसलीस. तेवढ्यात ट्रक आला.

होळीच्या आधी बाबा एकटेच शाळेच्या दारात उभे राहिले. तुला ताप आला, तिसऱ्या दिवशी गेलीस, तिथेच खाडीकाठी जाळलं, एवढंच बोलले. मी विचारलं, "मला का नाही बोलावलं?" ते खाली बघत म्हणाले, "कोणाला धाडू? आन तू येऊन काय केलं असतंस?" खरंच, काय केलं असतं मी?

आता मी जव्हारला शाळेत शिकवते. नाशिकला गेले की कॅसेटच्या दुकानात ते गाणं विचारते. दुकानदार त्या गायिकेच्या आठ-दहा कॅसेटी पुढे टाकतो, ते कशातच नसतं. "चाल तरी म्हणून दाखवा," म्हणतो. मी नुसत्या पुढ्यातल्या कॅसेटी उलटसुलट करते. मग एखादी नको असलेली कॅसेट घेऊन परत येते.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून एक गोष्ट लिहिते. ट्रक हलला तेव्हा तू माणसांच्या गर्दीतून मला हात केलास. एसटीसाठी थांबलेल्या माझ्या वर्गातल्या दोघी शेजारीच होत्या. त्यांच्या आया भट्टीवर जात नसत. मी तुझ्याकडे बघितलं, पण हात वर केला नाही.